मंगळवारचं पाणी

खाणीच्या तोंडातून बाहेर पडताना
ते इतकं नितळ असतं
की नवखा माणूस ओंजळ पुढे करतो.
दहा पावलं उघड्या हवेत चाललं
की त्याला आठवू लागतं आपण कुठून आलो,
आणि ते गेरूसारखं लाल होतं.

दर मंगळवारी मी चार बाटल्या घेऊन येते.
पहिली इथं भरते.

वेल्सच्या या दरीत पंप रात्रंदिवस धडधडायचे.
मग कोळसा परवडेना झाला,
एका शुक्रवारी कंपनीनं कळ दाबली
आणि साहेब लोक गाडीत बसून गेले.
पाण्याला कुणी कळवलंच नाही.
ते चढत राहिलं
रुळांवरून, लाकडी टेकूंवरून,
कुणाच्या तरी विसरलेल्या डब्यावरून,
आणि नवव्या वर्षी, मार्चमध्ये,
बेवनच्या मेंढवाड्यामागून ओढ्यात उतरलं.
ट्राउट गेले. दगडांवर साय धरली, नारिंगी.
पोरांचे मोजे कशानंही निघेनात.
पाणी कुठंतरी मुरतंय, असं आपण म्हणतो ना,
आमच्याकडे ते मुरायचंच थांबलं होतं.

प्रॉबर्टबाई आल्या त्या वर्षी मी शाळेत होते.
चॅपलच्या मागच्या खोलीत, चहाच्या कागदी टेबलक्लॉथवर
त्यांनी पेन्सिलीनं काढून दाखवलं:
आधी दगडी पायऱ्या, पाण्यानं खळाळत हवा प्यावी म्हणून,
मग दोन तळी, गाळ बसायला,
मग बोरूचं बेट, लांबच्या लांब.
म्हातारे हसले.
डोंगर पोखरून काढला आम्ही,
आणि तुम्ही त्याच्यावर गवत लावणार?

माझे वडील हसले नाहीत.
इडवल प्रीस, पंख्यावरचे.
बत्तीस वर्षं त्यांनी कुदळ धरली नव्हती,
फक्त खालच्या माणसांना वरची हवा पाठवली होती.
त्यांनी विचारलं, बोरूच का?
बाई म्हणाल्या, देठ पोकळ असतो.
पानातली हवा तो खाली नेतो, चिखलात,
मुळांपाशी जे राहतात त्यांच्यासाठी.
बाबांनी कप खाली ठेवला.
म्हणजे माझंच काम, म्हणाले.

लावणीला ते पहिले उतरले. गुडघाभर चिखल,
बुटात पाणी, तोंडात शिव्या,
एका हातात रोपांची जुडी
आणि तेइलोच्या बायकोनं दिलेले सँडविच खिशात ओले होत.
तेइलो आतच राहिला, त्रेसष्ट साली.
त्याच्याबद्दल बाबा बोलत नसत.
त्या दिवशीही नाही बोलले.
पण बेटाच्या वरच्या कोपऱ्यात,
जिथं पाणी पहिल्यांदा मुळांत शिरतं,
तिथली रोपं त्यांनी कुणाला लावू दिली नाहीत.

दुसरी बाटली पायऱ्यांखाली.
तिसरी तळ्यानंतर.
एकोणतीस, सतरा, सहा:
लोखंड असं आकड्या-आकड्यानं उतरतं,
तापासारखं.
घाई केली तर ते निवळत नाही.
तळ्यातला गाळ उपसायला ट्रक येतात,
एकदा बाबांनी त्यातली बादली घरी आणली,
वाळवली, चाळली,
जवसाच्या तेलात घोटून
कबुतरखान्याचं दार रंगवलं.
अजून आहे तो रंग.
कबुतरं आता नाहीत, बाबाही.

बोरू मात्र माजलाय.
हिवाळ्यात वाळून कडकडतो,
वाऱ्यात एवढा बोलतो
की मला वाटतं कुणीतरी खाली
काम संपल्याची वाट बघतंय.
खरं तर तिथं कुणीच नाही,
फक्त मुळं, जंतू,
आणि सावकाश चाललेलं एक पाणी
ज्याला कुठं पोचायची घाई नाही.

चौथी बाटली ओढ्याच्या तोंडाशी.
आज ती उजेडाकडे धरली
तर आत काहीतरी वळवळलं.
तीन शेपट्यांची अळी, नखाएवढी,
माशा होण्याआधी दगडाखाली राहते ती.
नियमाप्रमाणे नमुना गाळून घ्यायचा.
मी वाकले, बाटली ओढ्यात रिकामी केली,
ती दगडाआड गेलेली पाहिली,
मग दुसरी भरली.

नोंदवहीत वेळेचा रकाना असतो.
उशिराचं कारण लिहायला
जागा होती. सोडली कोरी.